दुटोकी बाईचा गाळा

इतवारीच्या भांडे ओळीत मला एक शब्द चिकटला. शब्द आहे दुटोकी. तो मी अजून अंगावरून उतरवलेला नाही. ज्याने चिकटवला त्यानेच तो उतरवावा, असं माझं म्हणणं आहे.

हा शब्द पुस्तकात सापडेल की नाही, मला ठाऊक नाही. मला तरी सापडला नाही. आमच्या ओळीतच कोणीतरी तो जोडून काढला असावा. ज्याला दोन टोकं आहेत आणि मधलं काही नाही, तो दुटोकी. आत्ता पेटली, आत्ता विझली. आत्ता गिऱ्हाइकाच्या हातातून गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, हिसकून घेतला आणि आत्ता त्याच गिऱ्हाइकाला बसायला स्टूल दिलं. बाहेरगावच्या माणसाला मी हा शब्द सांगितला की तो मान हलवतो आणि म्हणतो, म्हणजे दुटप्पी. नाही. दुटप्पी माणूस तोंडावर एक बोलतो आणि पाठीमागे दुसरं. मी जे बोलले ते सगळं तोंडावर बोलले. पाठीमागे बोलायला मला कधी सवड मिळाली नाही.

शब्द वापरायचीही एक रीत होती. आमच्या ओळीत एक व्यापारी होता. गिऱ्हाइकाने भाव फारच पाडला की तो हातात वजन घेऊन उठायचा, आणि घटकाभराने त्याच गिऱ्हाइकाला पान खिलवायचा. त्याला लोक म्हणत, माणूस कडक आहे, पण मनाचा राजा. दुसरा एक जण भावाशी बिनसलं की दुकानाचं दार उघडत नसे, आणि उघडलं की ओळभर पेढे वाटायचा. तो मनस्वी. आमच्या नागपुरात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं आणि डिसेंबरात पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही, पण हवेलाही कोणी दुटोकी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. तो शब्द माझ्यासाठीच राखून ठेवला होता. एका शब्दाने माझा गाळा गेला, म्हणून त्याची एवढी उठाठेव.

माझं माहेर कळमेश्वरच्या बाजूचं. बापाची कोरडवाहू शेती होती आणि विहिरीच्या काठाने थोडी वांगी, मिरच्या. आठवडी बाजारात भाजीचं पोतं घेऊन मी बसायचे, कारण भावांना बोलता येत नसे आणि बापाला फार लवकर दया यायची. एक गोष्ट मी तिथे शिकले आणि तिच्यावर पुढे सगळं आयुष्य उभं केलं. जे गिऱ्हाईक गुपचूप जातं, ते गेलं. जे भांडून जातं, ते परत येतं. भांडणारा माणूस वस्तू मनातून खाली ठेवत नाही. नुसती हातातून ठेवतो.

लग्न होऊन नागपूरला आले. नवरा मिलमध्ये मागावर होता, स्वभावाने थंड, बोलला तर चिमटा काढण्यापुरता. मिलच्या पाळ्या कमी होऊ लागल्या तेव्हा मी डोक्यावर पाटी घेतली. जुने कपडे घ्यायचे आणि त्यावर भांडी द्यायची, हा धंदा. स्टील तेव्हा नवं होतं. पितळ घासून हात दुखलेल्या बायका एका चकचकीत डब्यासाठी नवऱ्याची चांगली धड पँटसुद्धा जुन्यात घालायच्या. महालातले वाडे, धरमपेठेतले बंगले, रेल्वेचे क्वार्टर, सगळे जिने मला पायाने पाठ झाले.

या धंद्याची पद्धत न पाहिलेल्या माणसाला ती भांडणच वाटेल. साडी उजेडासमोर धरायची, विरलेली जागा शोधायची आणि तोंड कडू करायचं. बाई म्हणते, अगं, एकदाच नेसले आहे. आपण म्हणायचं, एकदाच नेसून अशी विरली तर दोनदा नेसल्यावर काय झालं असतं. तिने मोठा डबा मागायचा, आपण वाटी दाखवायची. तिने वाटी सरकवून द्यायची, आपण पाटी उचलायची. मग जिना उतरायला लागायचं. सौदा घरात कधी होत नाही. तो जिन्यावर होतो. वरून हाक येते, आपण थांबत नाही. दुसरी येते, आपण थांबतो पण वळत नाही. मग ती बाई एखादा शर्ट वरून टाकते, आपण वाटीऐवजी कोपर काढतो, म्हणजे कणीक मळायची मोठी परात, आणि दोघी एकदम गोड होतो. चहा होतो. मुलींच्या लग्नाच्या गोष्टी निघतात. पुढच्या खेपेला त्याच दारात तेच पुन्हा. यात फसवणूक नाही. दोघींना ठाऊक असतं की ती वर उभी आहे, मी खाली उभी आहे आणि वस्तू मधल्या पायरीवर आहे. दोन टोकं धरल्याशिवाय मधली पायरी कळत नाही.

भांडी मी इतवारीतल्या एका शेठजींकडून घ्यायचे. त्यांची गादी आणि गोदाम आत होतं आणि त्याला लागून, ओळीवर तोंड असलेला एक गाळा बंद पडलेला होता. त्यांचा भाऊ तिथे बसायचा, तो वेगळा झाला आणि निघून गेला. शेठजी माणूस मोजका होता. आवाज कधी चढला नाही आणि माल कधी हलका दिला नाही. माझं विकणं त्यांना ठाऊक होतं. जो गुंड त्यांच्या दुकानात वर्षभर पडून राही, तो मी धरमपेठेत एका फेरीत घालवून येत असे. किती वेळा त्यांनी त्या बंद दाराकडे बोट दाखवून म्हटलं असेल, बाई, हा गाळा तुझाच आहे, जरा हात मोकळा होऊ दे.

मी ते खरं धरलं. माणूस डोक्यावरची पाटी खाली ठेवायला जागा शोधतो, तशी मी ती धरली. पाटी म्हणजे नुसतं वजन नाही. पाटी म्हणजे कोणीही हाक मारावी आणि कोणीही दार लावावं. मला अशी जागा हवी होती जिथे गिऱ्हाइकाने यावं आणि मी बसलेलं असावं. त्या एका गोष्टीसाठी मी गुडघ्यांना बोलू दिलं नाही.

सत्तरचं दशक सरत आलं असेल. पोळा झाला आणि मी शेठजींकडे गेले. म्हटलं, दिवाळीचा धंदा मला गाळ्यात करू द्या. शेठजी गादीवर होते. त्यांच्या बहिणीचा मुलगा जवळ बसला होता, तिशीचा, नुकताच कुठली तरी नोकरी सोडून आलेला. शेठजींनी बराच वेळ चष्मा पुसला.

ते म्हणाले, "बाई, गाळा तं तुलेच द्याचा होता. पण ओळीतले लोक म्हंतात, हे बाई दुटोकी हाये. रस्त्यावर चालून जाते. गादीवर नाही चालत."

"लोक म्हंतात का तुमी म्हंता?"

"मीबी म्हंतो, असं समज."

हा शब्द मी पहिल्यांदा तिथे ऐकला. अर्थ कोणाला सांगावा लागला नाही. मी विचारलं, मी कोणाला फसवलं, कोणाला फुटका माल दिला. ते म्हणाले, फसवलं नाही, पण आत्ता आग आणि आत्ता पाणी, गिऱ्हाइकाने समजावं काय. ओळीतल्या चार व्यापाऱ्यांची नावं त्यांनी सांगितली. त्या चौघांसमोर त्यांनी हा शब्द कबूल केला होता, आणि गाळा मला नाही हेही तिथेच ठरलं होतं. म्हणजे माझ्याबद्दलचा सौदा झाला होता आणि मीच तिथे नव्हते.

मी म्हटलं, "तराजूच्या दांडीले दोन टोकं नसन तं तोलसान कायनं, शेठजी?"

शेठजी हसले. ते एकटेच हसले असते तर चाललं असतं. भाचा हसला, आणि माझं डोकं गेलं. मी म्हटलं, दसऱ्यापासून धनतेरसपर्यंत मला गाळ्यात बसू द्या. माल माझा, जागा तुमची. एक जरी गिऱ्हाईक रागावून गेलं, तर मी स्वतःहून उठेन. शेठजींनी लगेच हात पुढे केला आणि मी टाळी दिली.

टाळी देताना हाताला कळलं की काहीतरी चुकलं, पण काय ते कळलं नाही. सौद्यात समोरच्याचं टोक त्याच्या तोंडातून निघू द्यायचं असतं. मी रागाच्या भरात ते माझ्याच तोंडाने बोलून टाकलं होतं.

दसऱ्याला गाळा उघडला. नवऱ्याने भिंतींना चुना दिला, मी गंज, म्हणजे पातेली, लहान-मोठे लावले, डब्यांची उतरंड केली. आणि बसले ती देवळात बसावं तशी. निश्चय केला होता की आवाज वर जाणार नाही. कोणी काही म्हटलं तर हो म्हणायचं, नाही तर हसायचं. भाव सांगायचा तो वाजवी, एकच, मधला. समोरचा घासाघीस करू लागला की थोडा उतरायचा आणि नमस्कार करायचा. भाचा येता-जाता डोकावून बघायचा. शेठजी बघत नसत, पण ऐकत असत.

कोणी रागावून गेलं नाही. कोणी काही घेतलंही नाही.

महालात माझं एक जुनं गिऱ्हाईक होतं, एक काकू. नवरा कचेरीत, घर जुनं, तीन सुना. तिच्या जिन्यावर मी इतकी वर्षं भांडले होते की तिच्या शेजारणी खिडकीत येऊन बसायच्या. गाळ्याची बातमी ऐकून ती मुद्दाम आली. दिवाळीला तिला मोठा डबा हवा होता. तिने भाव विचारला, मी सांगितला. तिने नेहमीसारखं तोंड वाकडं केलं आणि फारच खाली बोलली. मी म्हटलं, घ्या काकू, तुम्ही म्हणाल तसं करू.

ती माझ्याकडे बघत राहिली. "काय गं, बरं नाही का वाटत?"

"बरी आहे, काकू."

"मग असं परक्यासारखं काय बोलतेस?"

मी हसले. तिने डबा पालथा केला, बुडावर बोटाने वाजवून पाहिलं, झाकण कानाशी नेऊन बसवलं, काढलं. मग हळू आवाजात विचारलं, माल दुसऱ्या प्रतीचा तर नाही ना. मी शपथेवर नाही म्हटलं. शपथ घेतल्यावर तर ती अगदीच बिथरली, कारण मी तिच्या दारात कधी शपथ घेतली नव्हती. तिने डबा खाली ठेवला, मला जपून राहायला सांगितलं आणि निघून गेली. गुपचूप. मी मान ताणून कोपऱ्यापर्यंत पाहिलं. ती एकदाही वळली नाही.

असंच चाललं. धरमपेठेतली एक बाई येऊन म्हणाली, घरात काही वाईट तर झालं नाही ना. रेल्वे क्वार्टरमधली एक जण शेजारच्या दुकानात विचारून आली की हीच ती बाई का तिची बहीण. संध्याकाळी भांडी होती तितकी आत उचलून ठेवायची. नवऱ्याने एक दिवस विचारलं, "अवं, तू तिथं भांडे इकते का कीर्तन करते?"

मी त्याच्यावर ओरडले. दिवसभराचा पहिला आवाज होता तो, आणि ओरडताच मला सगळं लख्ख दिसलं. टाळी दिलेली अट मी पाळत होते आणि गाळा हातचा जात होता. कोणी रागावलं तर मी उठणार, आणि कोणी रागावलं नाही तर माल विकणार नाही, मग दिवाळीनंतर ते म्हणणार, बाई, तुझ्याच्यानं दुकान नाही होत. दोन्हीकडून जागा भाच्याचीच. नवरा शांतपणे जेवत होता. मी त्याला म्हटलं, उद्यापासून मी माझ्यासारखी बसणार. उठावं लागलं तर विकून उठेन, न विकता उठणार नाही. तो म्हणाला, हे आधी ठरवलं असतं तर मला रोज पाण्यासारखं वरण खावं नसतं लागलं.

दुसऱ्या दिवशीपासून मी गाळ्याच्या आत बसलेच नाही. उंबऱ्यावर उभी राहिले. भाव सांगितला तो थेट आभाळातला. गिऱ्हाइकाने तो पाताळात नेला की त्याच्या हातातून भांडं काढून घ्यायचं आणि पदराने पुसायचं, जसा काही त्याला विटाळ झाला. गिऱ्हाईक निघालं की पाठ करायची. ते कोपऱ्यावर पोचायच्या आत हाक. आता जिना नव्हता, रस्ता होता, एवढाच फरक. ओळीतले लोक दुकानं सोडून बघायला यायचे. महालातल्या काकूला कोणीतरी कळवलं असावं, धनतेरसच्या दिवशी ती दोन सुनांना घेऊन हजर झाली. तोच डबा उचलला, तोच पाताळातला भाव बोलली.

मी म्हटलं, काकू, हा डबा तुमच्या सुनांच्या नशिबात नाही, ठेवा खाली. ती म्हणाली, ठेव, आज धनतेरस आहे, पूजा कर त्याची. आणि सुनांना घेऊन ताडताड निघाली. मी हाक मारली. ती थांबली नाही. दुसरी मारली, ती थांबली पण वळली नाही. धाकटी सून तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी डबा गेला, त्याच्याबरोबर पाण्याचे दोन गडवे, म्हणजे तांबे, गेले आणि एक झारा मी वरून दिला. काकू जाताना म्हणाली, आता बरी दिसतेस.

दुपारनंतर गाळ्यापुढे पाय ठेवायला जागा उरली नाही. धनतेरसला भांडं घ्यायचं म्हणून अर्धं नागपूर इतवारीत उतरतं, पण त्या दिवशी ते माझ्यापुढेच अडलं होतं. तेवढ्यात एक साहेब आले, सोबत बायको. कडक इस्त्री, हातात छत्री. त्यांनी मोठा गंज उचलला आणि म्हणाले, एकच भाव सांगा, मला घासाघीस आवडत नाही. मी सांगितला. त्यांनी बरोबर अर्धा सांगितला. ज्याला घासाघीस आवडत नाही तो माणूस एका उडीत अर्ध्यावर आला, याचा मला संताप आला. गंज मी त्यांच्या हातातून घेतला.

"साहेब, अर्ध्या भावात अर्धा गंज भेटते. कापून देऊ?"

सगळी गर्दी हसली. साहेबांचा चेहरा लाल झाला. असल्या बाईकडून मी पाणीही पिणार नाही, असं ते मोठ्याने म्हणाले, आणि छत्रीने वाट करत निघून गेले. बायको त्यांच्या मागे गेली.

गादीवरून शेठजींनी हात वर केला. भाचा उठून उभा राहिला होता.

मी काय करू शकले असते ते मला ठाऊक आहे. गर्दी माझी होती. मी म्हटलं असतं, दिवस मावळू द्या, तर शेठजींना नाही म्हणता आलं नसतं. पण टाळी मी दिली होती. दुटप्पी असते तर बसले असते. मी भांड्यांखालच्या चादरीचे पदर धरले आणि भांडी आवरायला लागले. काकू अजून ओळीतच होती. ती धावत आली आणि म्हणाली, अगं, उठतेस काय, धनतेरसला मांडलेलं कोणी आवरतं का. मी म्हटलं, टाळी दिली आहे, काकू. तिने शेठजींकडे असं पाहिलं की त्यांनी चष्मा काढला.

रस्त्याच्या पलीकडे एक म्हातारा शिंपी ओट्यावर मशीन मांडून बसायचा. त्याचा मुलगा कळमेश्वरला कारखान्यात लागला होता आणि बापाला तिकडे बोलावत होता. तो सगळं बघत होता. त्याने मशीन भिंतीकडे सरकवलं आणि म्हणाला, "इथंसा ठेव बाई. कपडे काय, दिवाळीनंतरबी शिवता येते."

मदतीला आलेल्या नवऱ्याने, काकूच्या सुनांनी आणि दोन-चार अनोळखी बायकांनी भांडी रस्त्यापलीकडे आणली. ओटा लहान होता, गंज पायरीवर आले, डबे शिंप्याच्या मशीनवर. गर्दीने फक्त तोंड फिरवलं. मी पुन्हा आभाळातला भाव सांगितला. तेवढ्यात साहेबांच्या बायकोने माझ्या दंडाला हात लावला. म्हणाली, ते कोपऱ्यावर उभे आहेत, रागावले आहेत, इकडे बघणार नाहीत, पण गंज तोच हवा म्हणतात. मी कोपऱ्याकडे पाहिलं. साहेब पाठ करून उभे होते. मधला भाव ठरायला फार वेळ लागला नाही.

दिवे लागायच्या सुमाराला शेठजी रस्ता ओलांडून आले. ते गादीवरून उतरून कोणाच्या दारी गेल्याचं ओळीत कोणी पाहिलं नव्हतं. ओट्याशी उभे राहून त्यांनी एक गडवा हातात घेतला.

"चाल बाई, झालं ते झालं. गाळा तुझा. भाच्याले मी समजावतो."

मला हवं होतं ते माझ्यासमोर ठेवलेलं होतं. मी हात पुसले आणि माझं टोक सांगितलं. म्हटलं, "त्या चार जणांले बोलवा, अन् त्याइच्यासमोर सांगा, का हे बाई दुटोकी नाही, हे बाई सौदा करते. मंग येते."

"मी गाळा देऊन राहिलो ना. तू शब्दाचं काय घेऊन बसली?"

"गाळा शब्दावरच तं गेला होता."

त्यांनी गडवा खाली ठेवला. मग व्यापाऱ्यासारखं बोलले. म्हणाले, मधलं काही करू. गाळा घे, आजपासून ओळीत कोणी तुला त्या शब्दाने हाक मारणार नाही हे मी बघतो, मागचं बोलणं मागे राहू दे. प्रस्ताव वाईट नव्हता. दुसऱ्या कुठल्याही वस्तूचा सौदा असता तर मी अजून एक झारा वरून मागून हो म्हटलं असतं. पण जे ते चौघांसमोर बोलले होते, ते माझ्या एकटीच्या कानात परत घ्यायला तयार झाले होते, आणि हा भाव मला परवडत नव्हता.

"यात मधला भाव नाही, शेठजी," मी म्हटलं.

ते थोडा वेळ थांबले. मी हाक मारीन असं त्यांना वाटलं असावं. मग रस्ता ओलांडून गेले. वळले नाहीत, आणि मीही हाक मारली नाही.

दिवाळीनंतर शिंपी मुलाकडे गेला आणि ओटा मला देऊन गेला. पुढे मागची खोलीही मिळाली, दार लावलं, पाटी रंगवून घेतली, तिच्यावर माझं नाव आहे, नवऱ्याचं नाही. समोरच्या गाळ्यात भाचा बसतो. त्याचा धंदा बरा चालतो, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. शेठजी गादीवर होते तोपर्यंत अवघड गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे पाठवायचे, समोर जा म्हणायचे. मी त्या गिऱ्हाइकांना माल विकला. आभार मानले नाहीत. दसऱ्याला सोनं वाटताना ओळीतल्या सगळ्या दुकानांत जाते, त्या एका उंबऱ्याशी वळते. ओळीत म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोड. मी विचारते, शेठजींनी सोडलं का. मग ते विषय बदलतात.

आता शेठजी घरीच असतात. परवा भाचा रस्ता ओलांडून आला. म्हणाला, मामांचं मन आहे तुम्ही एकदा घरी यावं. मी म्हटलं, मामांना सांग, बाई यायला तयार आहे. ज्या चौघांसमोर बोलणं झालं होतं त्यांच्यातले दोघे आता उरले आहेत. चार नाही, दोघे चालतील. एवढी मी उतरते. त्याखाली नाही.